फॉर्म अर्धवट सोडायचा असेल तर

काउंटरवर गिऱ्हाईक जीएसटी नंबर सांगायला लागतं, सात-आठ अक्षरं टाइप होतात आणि मग ते म्हणतं, ‘राहू द्या, साधंच बिल करा.’ आमच्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये अशा वेळी सरळ ‘रद्द करा’ दाबा, नाहीतर एस्केप. नंबर पुरा करत बसायची गरज नाही.

बऱ्याच प्रोग्रॅमचं घोडं नेमकं इथे अडतं. कर्सर रकान्याबाहेर जाताना तपासणी होते आणि ‘रद्द करा’वर क्लिक करणं म्हणजेही रकान्याबाहेर जाणंच. मग ‘नंबर चुकीचा आहे’ हे पुन:पुन्हा. शेवटी माणूस सुटका म्हणून काहीतरी ठोकून देतो: मोबाइल ९९९९९९९९९९, पिनकोड १११११. तोही पाचच आकडी म्हणून अडला, की आणखी एक १! असली माहिती आमच्या मते अपुऱ्या नंबरपेक्षा वाईट, कारण ती तपासणीतून सुटते आणि खात्यांच्या यादीत वर्षानुवर्षं पडून राहते.

तपासणी अर्थातच आहे. चुकलेला रकाना लाल होतो, पण अडवतं ते फक्त ‘सेव्ह करा’. जीएसटी नंबर १५ अक्षरी हवा; पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅनची, शेवटचं पडताळणीचं. नोंदणी चालू आहे का, हे मात्र जीएसटी पोर्टलवरच पाहा.

काही टाइप केलेलं असेल तर रद्द करताना एकदाच विचारलं जातं. तिथे ‘हो’ आणि ‘नाही’ मुद्दाम ठेवलेले नाहीत, ‘रद्द करायचं?’ला ‘हो’ म्हणावं की ‘नाही’, यात घाईत गफलत होते. बटणं आहेत ‘सोडून द्या’ आणि ‘भरत राहा’. सोडलेला मजकूर परत मिळत नाही.

बिल नंबर सेव्ह करतानाच पडतो, त्यामुळे फॉर्म सोडल्याने क्रमात खंड पडत नाही. सेव्ह झालेलं बिल रद्द करणं ही वेगळी गोष्ट: ते यादीत ‘रद्द’ म्हणून राहतं, कारण जीएसटीआर-१मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) रद्द बिलांची संख्या द्यावी लागते.

तुमचा स्वतःचा प्रोग्रॅमर जादा फॉर्म बनवत असेल तर त्याच्यासाठी: डॉट नेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये बटणाचं ‘कॉझेस-व्हॅलिडेशन’ मुळात ‘ट्रू’ असतं, ‘रद्द करा’साठी ते ‘फॉल्स’ करा. कोपऱ्यातली फुली त्याने सुटत नाही. खिडकी बंद होताना तपासणी पुन्हा होते, म्हणून ‘फॉर्म-क्लोजिंग’मध्ये ‘ई डॉट कॅन्सल’ही ‘फॉल्स’ करावं लागतं.