विश्वासाद्वारे नीतिमत्त्व

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील तारणविषयक विचाराचा एक मध्यवर्ती सिद्धांत. पापी मनुष्य देवासमोर नीतिमान ठरतो तो स्वतःच्या सत्कर्मांच्या बळावर नव्हे, तर देवाच्या कृपेने आणि येशू ख्रिस्तावरील विश्वासाद्वारे, असे हा सिद्धांत सांगतो. त्याचे प्रमुख आधार आद्य ख्रिस्ती प्रेषित पौल याने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आहेत. पहिले पत्र सामान्यतः इ. स. ५७ च्या सुमाराचे मानतात. दुसऱ्याविषयी साधारणपणे ४८ ते ५५ अशी निरनिराळी मते आहेत. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व गणले गेले, हे बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायातील वचन पौल आधाराला घेतो. सुंतेची आज्ञा १७ व्या अध्यायात येते. तेव्हा विश्वास आधी व विधी नंतर, हा क्रमच त्याच्या युक्तिवादाचा कणा आहे. याकोबाचे पत्र नेमके हेच वचन उद्धृत करून उलट दिशेने जाते आणि केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनीही मनुष्य नीतिमान ठरतो, असे म्हणते.

मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पापापासून दूर राहू शकतो, असे मानणाऱ्या पेलाजियसच्या मतांशी झालेल्या वादात ऑगस्टीन या प्राचीन धर्मशास्त्रज्ञाने कृपेचे प्राधान्य ठामपणे मांडले. मात्र नीतिमान ठरणे म्हणजे अंतःकरण प्रत्यक्ष पालटणे, असा त्याचा रोख होता.

सिद्धांताला आजचे स्वरूप जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरमुळे (१४८३–१५४६) आले. मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, ही जाणीव त्याला केव्हा झाली, हा अभ्यासकांतील जुना वाद आहे. आपल्या लॅटिन ग्रंथांच्या १५४५ च्या प्रस्तावनेत, रोमकरांस पत्राच्या १:१७ या वचनावर रात्रंदिवस चिंतन करताना स्वर्गाचे दार उघडल्यासारखे वाटले, असे तो लिहितो आणि हा प्रसंग स्तोत्रसंहितेवरील दुसऱ्या व्याख्यानमालेच्या, म्हणजे १५१८–१९ च्या, सुमारास ठेवतो. तथापि त्याच्या १५१५–१६ च्या रोमकरांस पत्रावरील व्याख्यानांतच हा विचार बराच पुढे गेलेला दिसतो. त्यामुळे एका पक्षाने १५१३–१५ हा काळ धरला, तर एर्न्स्ट बिट्सर या अभ्यासकाने १५१८ ही उशिराची तारीख उचलून धरली. वृद्धपणी, जवळजवळ तीन दशकांनंतर लिहिलेल्या आठवणीवर सारा भार टाकणे धोक्याचे असल्याने, एका क्षणाऐवजी काही वर्षांची क्रमिक घडण मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. हा प्रसंग जेथे घडला असे म्हणतात, त्या विटेनबर्गच्या मठातील बुरुजाचा उल्लेख प्रस्तावनेत नसून त्याच्या भोजनप्रसंगीच्या संभाषणांत आहे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी रोमन कॅथलिक भूमिका निश्चित केली: नीतिमान ठरण्यात पापक्षमेबरोबर आंतरिक नवीकरणही येते आणि केवळ विश्वास पुरेसा नाही. पौलाचा अभ्यासक ई. पी. सँडर्स याच्या १९७७ मधील ग्रंथानंतर, पौलाचा रोख पुण्यसंचयावर नसून सुंता, आहारनियम अशा यहुदी ओळखीच्या आचारांवर होता, हे मत बळावले. ते गलतीकरांस पत्राला चांगले लागू पडते. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाला तितकेसे नाही.

इंदूरात १८७७ पासून काम करणारे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे सतराव्या शतकातील इंग्लंडमधील धर्मसभेने मांडलेल्या प्रॉटेस्टंट मतांच्या, परंपरेतले होते. त्या परंपरेच्या १६४७ च्या लघु प्रश्नोत्तरीतील ३३ व्या प्रश्नाचे उत्तर या सिद्धांताची बहुधा सर्वांत आटोपशीर मांडणी ठरेल: देव केवळ ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपल्या खाती मांडून पापांची क्षमा करतो आणि ते आपण केवळ विश्वासाने स्वीकारतो. इंदूरचा कॅथलिक धर्मप्रांत १९५२ चा आहे, म्हणून या शहरात दोन्ही भूमिका शेजारी नांदतात. होळकरांच्या काळापासून तेथे वसलेल्या मराठी वाचकाला येथे ज्ञानेश्वरीतील शरणागतीचे विवेचन आठवेल. कर्तेपणाचा अभिमान सोडण्यापुरते साम्य खरे आहे. पण दुसऱ्याचे नीतिमत्त्व न्यायनिवाड्याच्या रीतीने आपल्या नावे जमा होणे, ही कल्पना तेथे नाही.

लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे या सिद्धांताविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट मंडळ्यांची जागतिक संघटना २००६ मध्ये, तर प्रेस्बिटेरियन ज्या सुधारित परंपरेत मोडतात तिची संघटना २०१७ मध्ये त्यात सामील झाली. घोषणापत्रात मूलभूत सत्यांवरील एकमत नोंदविले असले, तरी नीतिमान ठरलेल्या मनुष्यात पाप कितपत उरते, याविषयीचे मतभेद त्यात मिटवलेले नाहीत.