हातसामान (गोव्याहून विमानप्रवास)

हातसामान म्हणजे विमानाच्या पोटात न देता प्रवासी स्वतःजवळ, डोक्यावरच्या कप्प्यात किंवा पुढच्या सीटखाली ठेवतो ते सामान. बोलताना त्याला केबिन बॅग म्हणतात. देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाला बहुतेक भारतीय कंपन्या 7 किलोपर्यंतची एकच बॅग नेऊ देतात. तिची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज 115 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साधारण 55, 40 आणि 20 सेंटिमीटर असावी लागते. त्याशिवाय लॅपटॉपची पिशवी किंवा पर्स चालते. काय न्यावे आणि काय नेऊ नये याचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवतो.

गोव्यात कपडे हलके लागतात, त्यामुळे येताना बॅगेचा प्रश्न फारसा येत नाही. पंचाईत होते ती परतताना. काकू आगळाची, म्हणजे कोकमाच्या दाट रसाची, बाटली देते, मामी लोणच्याची बरणी पुढे करते, देवळातून नारळ मिळालेला असतो, कुणी तरी ‘घरची’ फेणी आणून ठेवतो. यांतल्या बऱ्याच वस्तू तेलकट, पातळ किंवा ज्वलनशील असतात आणि तपासणीच्या यंत्रापुढे नेमक्या त्याच अडतात. म्हणून वजनकाटा काढण्याआधी एवढीच वाटणी करावी : पातळ आणि तेलकट ते चेक-इन बॅगेत, कोरडे आणि मोलाचे ते हातात.

नारळाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण मनाला लागण्यासारखे प्रसंग त्याच्यावरूनच ओढवतात. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, बांदिवड्याचा नागेश ही महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विखुरलेल्या असंख्य घराण्यांची कुलदैवते. मंडळी अभिषेकाला येतात आणि प्रसादाचा नारळ हातातल्या पिशवीत ठेवून विमानतळ गाठतात. नारळात तेल भरपूर असल्याने तो ज्वलनशील मानला जातो आणि केबिनमध्ये चालत नाही. 2024 च्या अखेरीस शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजासाहित्याच्या गाठोड्यातला, नारळ तपासणी करून केबिनमध्ये नेण्याची सवलत मिळाली होती, पण ती त्या यात्रेपुरती आणि 20 जानेवारी 2025 पर्यंतच होती. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इन बॅगेतही टाकता येत नाहीत. खोबरे हे दाबून ठेवले असता आपोआप तापून पेटू शकणारे द्रव्य आहे आणि धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याची तशी नोंद आहे. प्रसाद कचऱ्याच्या डब्यात टाकावा लागणे कुणालाही सहन होत नाही. त्यापेक्षा नारळ गोव्यातल्या नातेवाइकांकडेच फोडून सगळ्यांना वाटावा आणि बरोबर फूल, कुंकू, साखर न्यावी हे उत्तम.

काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात मद्यार्क साधारण 42 टक्क्यांच्या आसपास असतो. 24 ते 70 टक्के मद्यार्काचे पेय दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीतूनच आणि माणशी 5 लिटरपर्यंतच चेक-इन बॅगेत नेता येते. घरच्या भट्टीची फेणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून दिलेली असेल तर ती कितीही अस्सल असो, या व्याख्येत बसत नाही. नीरो, म्हणजे काजूच्या बोंडूंचा (फळांचा) ताजा रस, बाटलीत नेऊच नये : तो काही तासांत आंबू लागतो आणि झाकण उडवतो. ज्या राज्यात उतरायचे तिथला अबकारी कायदाही पाळावा लागतो. गुजरातेत तर दारूबंदीच आहे.

पातळ पदार्थांसाठी आंतरराष्ट्रीय प्रवासात एका बाटलीत 100 मिलिलिटरची मर्यादा आहे आणि अशा सगळ्या बाटल्या 1 लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट 2006 साली ब्रिटनमध्ये उघडकीस आला, तेव्हापासूनचा हा नियम. कोकमाचे आगळ, खोबरेल, व्हिनेगर, बांगड्याचे पारा हे लोणचे हे सारे त्यात येते. चेक-इन बॅगेत भरतानाही बाटली काठोकाठ भरू नये. उड्डाणात हवेचा दाब घटून साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या इतका होतो, बाटलीतली हवा फुगते आणि आगळ झाकणाच्या फटीतून बाहेर येते. कपड्यांवरचा त्याचा डाग सहसा जात नाही. आगळाऐवजी सुकी सोलां, म्हणजे कोकमाची वाळवलेली साले, न्यावीत. चवीत काही उणे राहत नाही.

मिरचीपूड हातात नेता येत नाही, कारण ती कुणाच्या डोळ्यांत टाकता येते. आखाताकडे निघालेल्या गोवेकरांसाठी आणखी एक सूचना फार महत्त्वाची आहे. शागोती या गोव्याच्या मसालेदार रश्श्याच्या वाटपात खसखस असते आणि संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया या देशांत खसखशीवर बंदी आहे. तिथे तो अमली पदार्थाचा गुन्हा ठरतो. आईने प्रेमाने करून दिलेला मसाला मुलाला तुरुंगात नेऊ शकतो, म्हणून डबा भरण्याआधी त्यात काय आहे ते विचारून घ्यावेच.

हातात खुशाल न्यावे असेही बरेच आहे : काजूगर, खाजे, पेराद (पेरूची वडी), बेबिंका (थरांचा गोड केक), पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे, म्हणजे पाव. बेबिंका जड असते, पण घट्ट बांधली तर बिघडत नाही. डझनभर मानकुराद आंबे तीन किलोच्या घरात जातात, म्हणजे मर्यादेचा जवळजवळ अर्धा भाग. विळी आणि कोयती यांची जागा चेक-इन बॅगेतच. घुमट हे वाद्य मातीचे असल्याने ते हातातच न्यावे लागते, मात्र त्यावरचे कातडे बकऱ्याचे असल्याची खात्री करावी. जुन्या घुमटांना घोरपडीचे कातडे असे आणि घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

पॉवर बँक नेहमी हातसामानातच ठेवावी, चेक-इन बॅगेत कधीही नाही. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते आणि 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह घ्यावीत.

बॅग कापडी असलेली बरी. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, मग 7 किलोत उरते काय? गोव्यात दोन विमानतळ आहेत, म्हणून तिकिटावर दाबोळी आहे की मोपा तेही आधी पाहावे. पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने सुटतात. तिथून मडगाव साठ किलोमीटरहून लांब असल्याने अडलेली बरणी घरी परत पाठवणे सोपे नसते. गोव्यातून सुटणाऱ्या काही फेऱ्या एटीआर-72 या छोट्या विमानांच्या असतात. त्यांतले वरचे कप्पे लहान असल्याने मोठी केबिन बॅग विमानाच्या दाराशी काढून घेतात आणि ती खालच्या सामानात जाते. त्या वेळी पॉवर बँक, औषधे आणि दागिने चटकन बाहेर काढता यावेत म्हणून ते एका लहान पिशवीत, बॅगेच्या सगळ्यांत वर ठेवावेत.