शाळेबद्दलची तक्रार कागदावर कशी आणायची? जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांसाठी आरटीईची प्रक्रिया

वर्गाला शिक्षक नाही, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येत नाही, दिवाळी आली तरी पुस्तकं हातात पडलेली नाहीत. असल्या गोष्टी पालक शाळेच्या गेटवर बोलतात, फार तर मुख्याध्यापकांच्या कानावर घालतात. "बघतो," असं उत्तर येतं आणि वर्ष निघून जातं. तोंडी तक्रारीला मुदत नसते, म्हणून असं होतं. लेखी तक्रारीला मात्र 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, मुदत घालून दिली आहे. कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाने, म्हणजे जिल्हा परिषदेने किंवा महापालिकेने, दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

आरटीई म्हटलं की बहुतेकांना खासगी शाळांतले 25 टक्के प्रवेश आणि त्यांची लॉटरीच आठवते. याच कायद्याचा मोठा भाग सरकारी शाळेने काय द्यायलाच हवं यावर आहे, आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

तक्रार कोण करू शकतं? या कायद्याखालच्या मुलाच्या हक्काबाबत गाऱ्हाणं असलेली कोणतीही व्यक्ती. आईवडीलच हवेत असं नाही. आजोबा, शेजारी, ग्रामपंचायत सदस्य, कुणीही अर्ज देऊ शकतं. मर्यादा आहे ती वयाची आणि इयत्तेची: 6 ते 14 वर्षं, पहिली ते आठवी. नववी-दहावीसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जरूर जा, पण तिथे कलम 32 चा आधार मिळणार नाही.

तक्रार कशाची?

"शाळेत शिकवतच नाहीत" या वाक्यावर कुणालाही काही करता येत नाही. कायद्यातला निकष आणि शाळेतली परिस्थिती शेजारी-शेजारी ठेवली की तक्रार उभी राहते. निकष कायद्याच्या शेवटी जोडलेल्या अनुसूचीत आहेत. पहिली ते पाचवीला पट, म्हणजे मुलांची संख्या, 60 पर्यंत असेल तर दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान एक. वर्षात पहिली ते पाचवीसाठी 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, अडथळ्याविना आत येता येईल अशी इमारत. कलम 17 प्रमाणे मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी, कलम 28 प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही.

शिक्षक वर्गावर दिसत नाहीत ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. ती लिहिण्याआधी एक चौकशी करा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण या कामांना शिक्षक लावता येतात, कलम 27 तशी मुभा देतं. गुरुजी मतदार याद्या घेऊन दारोदार फिरत असतील तर त्यांच्या नावाने ओरडून उपयोग नाही. अशा वेळी व्यक्तीविरुद्ध न लिहिता "वर्ग किती दिवस शिक्षकाविना राहिला" असं लिहिणं योग्य आणि परिणामकारकही. शाळेतला माणूस दुखावला की त्याचा त्रास कधीकधी मुलालाच होतो, हेही उघड आहे.

आधी समितीचं इतिवृत्त, म्हणजे सभेच्या कामकाजाची नोंद

कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असल्या पाहिजेत. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधला असतो आणि मुख्याध्यापक सचिव. शाळेवर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं आणि अनुदानाचा खर्च तपासणं हे समितीचं काम. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सभा न होताच वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. तुम्ही सदस्य असाल तर कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नका. सदस्य नसाल तर आपला विषय सभेत घ्या म्हणून अध्यक्षांना पत्र द्या. समितीकडे जाणं ही तक्रारीची पूर्वअट नाही. पण ठराव झालेला असेल तर वरच्या कार्यालयात "आमच्यापर्यंत आलंच नाही" असं म्हणता येत नाही.

कागदपत्रं

अर्जासोबत शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक), असल्यास ठरावाची प्रत, तारीख दिसेल असे फोटो आणि इतर पालकांच्या सह्या जोडा. पट आणि शिक्षकसंख्या यू-डायसच्या संकेतस्थळावर शाळेच्या अहवालात दिसते.

आकडे मिळाले नाहीत तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ, मात्र पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द चालतात, त्यामुळे पाल्हाळ नको. मंजूर व कार्यरत पदं, संच मान्यतेची (पटावरून ठरलेल्या शिक्षकपदांच्या मंजुरीची) प्रत, शिक्षकांचा हजेरीपट आणि हालचाल नोंदवही एवढं मागितलं तरी चित्र स्पष्ट होतं. उत्तराला 30 दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर योग्य ठिकाणी पाच दिवसांत पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

अर्ज

एका पानात बसवा. मजकूर साधारण असा: "शाळेत पहिली ते पाचवीचा पट 47 असून जूनपासून एकच शिक्षक कार्यरत आहे. आरटीई कायद्याच्या अनुसूचीनुसार दोन शिक्षक आवश्यक आहेत. रिक्त पद भरावे व तोपर्यंत पर्यायी शिक्षक द्यावा. सदर तक्रार कलम 32 अन्वये असून तीन महिन्यांत सुनावणी घेऊन लेखी निर्णय कळवावा." कलमाचा उल्लेख गाळू नका. तो नसला की अर्ज 'निवेदन' म्हणून फाइलला लागतो.

जिल्हा परिषद शाळेसाठी अर्ज मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रती शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शहरात महापालिकेच्या आयुक्तांना, प्रत शिक्षण विभागाला. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक शाखेत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मुदत झाली की नाही हे त्या शिक्क्यावरूनच दाखवता येतं. केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) मध्ये पडून "मिटवून टाकू" म्हणाले तर मिटवायला हरकत नाही, पण काय ठरलं ते लेखी घ्या.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर यातलं काहीही करत बसू नका. तो पोक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा विषय आहे, थेट पोलिसांकडे जा किंवा 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

निर्णय पटला नाही तर कलम 32 खालीच राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तीन महिने उलटूनही काहीच आलं नाही, तर कलम 31 प्रमाणे आयोगाकडे स्वतंत्र तक्रार करता येते. दोन्ही वेळी आवक शिक्क्याची मूळ अर्जाची प्रत आणि झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून जोडा. मूळ कागद मात्र स्वतःजवळच ठेवा.