लॅब्रॅडॉरची परीक्षा: रिट्रीव्हर हंट टेस्ट आल्या कुठून?

घरात लॅब असेल तर हे सांगायला नको. पाहुणा दारात चपला काढतो आणि पाच मिनिटांत त्यातली एक दिवाणखान्यात, मालकाच्या पायाशी येऊन पडते. ओली, पण अखंड. दाताची एक खूण नाही. पाहुणा ओशाळतो, आपण कुत्र्यावर ओरडतो, आणि तो शेपूट हलवत दुसरी चप्पल आणायला निघतो. आपण याला खोडी म्हणतो. खरं तर हा गुण दीडशे-दोनशे वर्षं कुत्रे निवडून निवडून जोपासलेला आहे, आणि अमेरिकेत त्याची रीतसर परीक्षा होते. तिला हंट टेस्ट म्हणतात, आणि शिकार उचलून आणणाऱ्या अशा कुत्र्यांना रिट्रीव्हर.

परीक्षेचं रूप वरवर सोपं आहे. बार वाजतो, हवेतून बदक खाली पडतं. कुत्र्याने ते कुठे पडलं हे ध्यानात ठेवायचं, हुकूम मिळाल्यावरच निघायचं, पक्षी न चावता उचलायचा आणि आणून हातात द्यायचा. मात्र नवखा माणूस पहिल्यांदा नियम वाचतो तेव्हा गोंधळतो. कुत्र्याला पळायचंच आहे, मग आधी बसवून का ठेवायचं? पक्षी पायाशी टाकला तर काय बिघडलं? मालकाने मातकट कपडे का घालायचे? या प्रश्नांची उत्तरं नियमांच्या पुस्तकात नाहीत, इतिहासात आहेत.

लॅब्रॅडॉर मुळात कॅनडातल्या लॅब्रॅडॉर या प्रदेशाचा नाहीच. त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, सेंट जॉन्स वॉटर डॉग म्हणून ओळखले जाणारे काळे, आखूड केसांचे कुत्रे. कोळ्यांच्या होडीत त्यांना काम असे: गळातून निसटलेला मासा धरायचा, दोरीचं टोक तोंडात धरून पोहत आणायचं. मासळीची जहाजं इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या पूल बंदरात लागत आणि त्यांच्याबरोबर हे कुत्रेही उतरत. जवळच माम्सबरीच्या अर्लची जमीन होती, पाणथळ आणि बदकांनी भरलेली. बर्फगार पाण्यात आनंदाने उडी मारणारा कुत्रा त्याच्या नजरेत भरला नसता तरच नवल. पुढे 1880च्या दशकात या घराण्याकडून काही कुत्रे स्कॉटलंडच्या बक्लू घराण्याकडे गेले. त्यातले नेड आणि एव्हन हे दोघे आजच्या लॅब्रॅडॉरचे मूळपुरुष मानले जातात. ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, 1903 साली या जातीला मान्यता दिली. ज्या बेटावरून हे सगळं सुरू झालं तिथली मूळ जात मात्र विसाव्या शतकात नामशेष झाली.

गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडचाच. पुढे लॉर्ड ट्वीडमथ झालेल्या डडली मार्जरीबँक्स यांनी 1868 साली नूस नावाचा पिवळा कुत्रा आणि पाण्यात काम करणाऱ्या जातीची बेल नावाची कुत्री यांची पिल्लं जपली, तिथून. अमेरिकेचा स्वतःचा म्हणावा असा चेसापीक बे रिट्रीव्हर. 1807 साली मेरीलँडच्या किनाऱ्याजवळ बुडणाऱ्या जहाजावरून वाचवलेल्या दोन पिल्लांपर्यंत त्याची कूळकथा जाते.

पण जाती तयार होणं हा निम्माच भाग. उरलेला निम्मा बंदुकीचा. जुनी बंदूक नळीच्या तोंडातून ठासून भरावी लागे. एक बार काढला की दुसऱ्यासाठी खटपट. तेव्हा शिकाऱ्याला हवा होता तो पक्षी शोधून देणारा पॉइंटर किंवा सेटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि चित्र पालटलं. श्रीमंतांच्या इस्टेटींवर हाकारे पक्षी उठवून बंदुकींच्या रांगेवर आणू लागले. पक्षी शोधायची गरजच उरली नाही. आता गरज होती ती रांगेत मालकाच्या शेजारी निमूट बसणाऱ्या, डोक्यावरून पक्षी कोसळत असताना जागचा न हलणाऱ्या आणि दहा मिनिटांनी, कोणता कुठे पडला हे आठवून जाणाऱ्या कुत्र्याची. मधेच धावला तर बाकीचे पक्षी उडून जाणार, कदाचित तोच छऱ्यांच्या वाटेत येणार. बसवून ठेवण्याचा नियम इथून आला. पक्षी हातातच का, तर तो नेहमी मेलेला असतोच असं नाही. जखमी बदक जमिनीवर ठेवलं की पुन्हा पाण्यात शिरलं आणि गेलं. आणि तोंड मऊ का, तर पक्षी शेवटी ताटात जायचा असतो. पक्षी चिरडणाऱ्या कुत्र्याला इंग्रजीत कडक तोंडाचा म्हणतात. परीक्षेत तो तिथल्या तिथे बाद.

अमेरिकेत हे लोण श्रीमंतांनीच नेलं. न्यूयॉर्कभोवतीच्या धनिकांनी स्कॉटलंडहून कुत्रे आणले, सोबत ते सांभाळणारे गेमकीपरही आणले. 21 डिसेंबर 1931 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर इथे, एका खासगी इस्टेटीवर, लॅब्रॅडॉरची पहिली अधिकृत फील्ड ट्रायल झाली. ही स्पर्धा होती, पहिला-दुसरा-तिसरा काढणारी. सात वर्षांत तिला इतकं वलय आलं की डिसेंबर 1938मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ब्लाइंड ऑफ आर्डन नावाचा काळा लॅब्रॅडॉर झळकला. त्याचा मालक डब्ल्यू. अॅव्हरेल हॅरिमन, पुढे न्यूयॉर्कचा गव्हर्नर झालेला.

याच काळात डेव्ह एलियट या स्कॉटिश प्रशिक्षकाने मेंढपाळांच्या कुत्र्यांची एक युक्ती इथे आणली. मेंढपाळ लांबूनच शिटी आणि हात यांनी कुत्र्याला डावीकडे, उजवीकडे, मागे वळवतो; मग न पाहिलेल्या पक्ष्यापर्यंत रिट्रीव्हरला असंच का नेऊ नये? आज याला ब्लाइंड म्हणतात. पक्षी कुठे आहे हे फक्त मालकाला ठाऊक. कुत्रा त्याच्यावर भरवसा ठेवून सरळ रेषेत धावत जातो, शिटी वाजली की गर्रकन वळून बसतो आणि हाताकडे बघतो. मला विचाराल तर या खेळातला सगळ्यात देखणा क्षण हाच. शंभर-दीडशे पावलांवर बसलेला कुत्रा आणि इकडे हात वर केलेला माणूस.

स्पर्धा म्हटली की चढाओढ आली. 1941पासून राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झालं. 1952 आणि 1953 असं लागोपाठ दोनदा ते जिंकणारा किंग बक अमेरिकेच्या 1959च्या डक स्टॅम्पवर, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी घ्याव्या लागणाऱ्या सरकारी तिकिटावर आला, तोंडात बदक धरलेला. त्यावरची ओळ सांगत होती की रिट्रीव्हर शिकार वाया जाऊ देत नाहीत. मुद्दा खरा होता: सापडला नाही असा प्रत्येक पक्षी म्हणजे शिकाऱ्याने बदल्यात मारलेला आणखी एक. पण मैदानावर तोपर्यंत वेगळंच चाललं होतं. कुत्रे इतके तरबेज झाले की निकाल लावायला परीक्षकांना अंतर वाढवत न्यावं लागलं. तीनशे, चारशे यार्ड. एवढ्या लांबून कुत्र्याला माणूस दिसावा म्हणून हँडलर, म्हणजे कुत्र्याला हुकूम देणारे, पांढरे कोट घालू लागले. खऱ्या शिकारीत पांढरा कोट घालून बसलात तर बदक तुमच्या तलावावर उतरेल का? बक्षिसं बहुतेक व्यावसायिक प्रशिक्षकांच्या कुत्र्यांकडे जाऊ लागली. घरी सोफ्याखाली झोपणारा आणि हंगामात मालकाबरोबर बदकं आणणारा कुत्रा या खेळात कुठेच बसत नव्हता.

वैताग साठत गेला आणि 1983 साली फुटला. कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर लिहिणारा रिचर्ड वोल्टर्स या बंडात आघाडीवर होता. पिल्लाला सातव्या आठवड्यापासूनच शिकवायला घ्यावं हे साठच्या दशकात ठासून सांगितल्यामुळे तो आधीच घराघरांत माहीत होता. नॉर्थ अमेरिकन हंटिंग रिट्रीव्हर असोसिएशन स्थापन झाली. मग आपल्याकडच्या गणेश मंडळांत होतं तेच झालं. एका मंडळाची दोन झाली, दोनाची तीन. या असोसिएशनची अमेरिकन केनेल क्लबशी जमलेली सोयरीक लगेच मोडली. 1984मध्ये युनायटेड केनेल क्लबच्या छत्राखाली हंटिंग रिट्रीव्हर क्लब निघाला. आणि 1985मध्ये अमेरिकन केनेल क्लबने स्वतःच्या हंट टेस्ट सुरू केल्या. तिन्ही आजही चालू आहेत. फरक बारीक आहेत, पण त्यावरून होणारे वाद बारीक नाहीत.

मूळ कल्पना मात्र तिघांची एकच. फील्ड ट्रायल ही स्पर्धा परीक्षा. जागा मोजक्या, दुसरा मागे पडल्याशिवाय तुम्ही पुढे जात नाही. हंट टेस्ट ही दहावीची परीक्षा. ठरलेल्या पातळीला पोचलात की पास, मग शेजारचे चाळीस कुत्रे पास झाले तरी तुमचं काही जात नाही. पांढरे कोट गेले, मातकट किंवा गवताच्या रंगाचे कपडे आले. अंतरं खऱ्या शिकारीइतकी आखूड झाली. हंटिंग रिट्रीव्हर क्लबच्या परीक्षेत तर मालकाच्या स्वतःच्या हातात बंदूक असते, नुसता आवाज करणारी, म्हणजे शिकारीत असते तशी गडबड तिथेही होते.

सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला येते ती ज्युनियर पायरी. अमेरिकन केनेल क्लबच्या या परीक्षेत सहा महिन्यांचं पिल्लूही उतरू शकतं. दोन पक्षी जमिनीवर, दोन पाण्यात, प्रत्येक वेळी एकच, आणि साधारण शंभर यार्डांच्या आत. सोडेपर्यंत कुत्र्याच्या पट्ट्याला धरून ठेवायची मुभा असते, हे नवख्यांना मोठं वरदान. दोन परीक्षक पक्षी पडल्याची जागा हेरणं, धावण्यातली उमेद, चिकाटी आणि शिकवलेलं पाळणं यांना दहापैकी गुण देतात. एकूण सरासरी सात यावी लागते. चारदा पास झाला की ज्युनियर हंटर हा किताब. पुढे सीनियर, मग मास्टर. तिथे दोन-तीन पक्षी एकापाठोपाठ, ब्लाइंड, आणि दुसऱ्याचा कुत्रा काम करत असताना आपल्याने नुसतं बघत बसायचं, हेही.

तयारी घराच्या बोळातच सुरू होते. दोन्हीकडची दारं बंद, गुंडाळलेला मोजा टाकायचा. पिल्लू तो घेऊन तुमच्याकडेच येणार, दुसरी वाटच नाही. मग बंपर, म्हणजे सरावासाठी फेकायची कॅनव्हासची किंवा रबरी नळकांडी, मग पक्ष्याचे पंख, मग खरा पक्षी. बंदुकीचा आवाज अगदी लांबून सुरू करून हळूहळू जवळ आणायचा, तोही पिल्लू काहीतरी पळवण्यात गुंग असताना. इथे घाई करणारे आयुष्यभर पस्तावतात. दिवाळीत पलंगाखाली दडणारा कुत्रा ज्याने पाहिलाय त्याला का ते कळेल.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच बंद, तेव्हा हंट टेस्टचा प्रश्न येत नाही. गुण मात्र वाया गेला नाही. 1993च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं, तो पुण्यात तयार झालेला जंजीर. वास काढत राहायची तीच चिकाटी. फक्त बदकाच्या जागी स्फोटकं.

परीक्षेतली एक गोष्ट सांगायची राहिली. पक्षी पडल्यावर कुत्र्याला 'जा' किंवा 'आण' म्हणून सोडत नाहीत. त्याच्या नावाने हाक मारून सोडतात. शेजारी दुसरा कुत्रा बसलेला असतो, 'आण' म्हटलं तर दोघंही सुटतील. नाव घेतलं की ज्याचं त्यालाच कळतं. आमच्या भागातले अर्धे लॅब ब्रुनो आहेत. संध्याकाळी बागेत एक हाक मारली की चार येतात.