स्पार्कलिंग वाइनसाठी ग्लास घेताय? आधी हे वाचा

लग्नसराई आली की दुकानात बरेच जण येऊन थेट तो उंच, बारीक ग्लास मागतात, म्हणजे फ्लूट, कारण फोटोत तोच दिसतो. वाईट नाहीये तो, तोंड लहान असल्याने गॅस हळू उडतो आणि बुडबुड्यांची माळ वरपर्यंत मस्त दिसते, पण नाकाला जागाच मिळत नाही त्यामुळे वास कळत नाही, आणि चांगल्या वाइनची अर्धी मजा तर वासातच असते. पसरट, बशीसारखा येतो तो कूप. दिसायला भारी, पण गॅस पटकन जातो आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा बोलता बोलता वाइन कोमट होते.

आम्हाला विचाराल तर ट्युलिप घ्या. खाली निमुळता, मधे थोडं पोट आणि तोंडाशी परत आत वळलेला, म्हणून बुडबुडेही टिकतात आणि वासही आत साठतो, मग वाइन नाशिकची असो की फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली. दांडीलाच धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने गार वाइन लगेच तापते, ती ६ ते १० डिग्रीला चांगली लागते. ग्लास फ्रीझरमधे ठेवू नका, आत दव धरतं.

आता खरं सांगायचं ते धुण्याचं. साबणाचा अंश राहिला की फेस बसतो आणि मग लोक म्हणतात बाटली खराब निघाली. खूप पाण्याने खळखळून धुवा, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर थोडं व्हिनेगर लावून परत धुवा आणि सुती फडक्याने पुसा. बुडबुडे काचेतून आपोआप निघत नाहीत बरं का, फडक्याचा बारीकसा तंतू किंवा बुडाशी मुद्दाम केलेला ओरखडा असतो तिथूनच ती माळ सुरू होते, नीट बघितलं तर एकाच ठिपक्यातून सारखी वर येताना दिसते.

ओतताना ग्लास तिरका धरा आणि अर्ध्याच्या थोडंच वर भरा. ७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे ६ ग्लास होतात, त्या हिशोबाने सेट घ्या.

पटत नसेल तर घरचा एखादा ग्लास घेऊन या, काउंटरवर गार सोडा ओतून आपल्या ट्युलिपशेजारी दहा मिनिटं ठेवू आणि तुम्हीच बघा कशात जास्त गॅस राहतो.