मामांच्या कॉम्प्युटरमध्ये रोज उजाडणारं २०१५

पंचवटीतले माझे मामा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. आयुष्यभर काटेकोर मोजदाद केलेला माणूस. रात्री गॅसचा रेग्युलेटर, पाण्याची मोटार आणि कॉम्प्युटरचा बोर्ड ही तिन्ही बटणं बंद केल्याशिवाय ते अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "अरे, कॉम्प्युटरचं इंटरनेट गेलंय. मोबाइलवर मात्र त्याच वायफायवर सगळं चालतंय." दुरुस्तीवाला येऊन गेला होता आणि मदरबोर्ड, म्हणजे आतली सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, बदलावा लागेल असं सांगून गेला होता.

मी जाऊन पाहिलं. बँक असो की वीजबिल, ब्राउझरमध्ये जी साइट उघडावी तिथे एकच पाटी: तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. खाली उजव्या कोपऱ्यात नजर गेली आणि हसू आलं. तारीख होती १ जानेवारी २०१५. ती दुरुस्त केली, साइट धडाधड उघडल्या, मामींचा चहाही झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. मामांच्या घरी पुन्हा २०१५ उजाडलं होतं.

कॉम्प्युटर बंद असतानाही वेळ मोजत राहायला मदरबोर्डवर एक वेगळं घड्याळ असतं. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आकडा अडनिडा वाटतो खरा, पण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, आणि तोच आपला एक सेकंद. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच हिशेब चालतो. या घड्याळाला वीज पुरवतो नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा लिथियम सेल. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो. त्या आकड्यात त्याचं मापच लिहिलेलं आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी.

आता मामांच्या शिस्तीकडे येऊ. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डचं बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लायमधून थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि सेलवर भार येत नाही. मामा बटणच बंद करतात, म्हणजे रात्रभर सगळी मदार त्या सेलवर. वर्षानुवर्षं त्याने ती निभावली. तो थकला, तसं सकाळी घड्याळ सगळं विसरून मदरबोर्डमध्ये आधीच घालून ठेवलेल्या तारखेवर जाऊन बसायला लागलं. (मामांची सवय मात्र मी मोडली नाही. विजा कडाडत असताना बोर्ड बंद असलेलाच बरा.)

पण तारीख चुकली म्हणून बँकेची साइट का अडावी? प्रत्येक सुरक्षित साइट आपली ओळख पटवायला ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर रेल्वेच्या पासासारखी 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असतात. मामांचा कॉम्प्युटर २०१५ मध्ये बसून यंदाचं प्रमाणपत्र तपासत होता. त्याच्या दृष्टीने ते अजून सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून त्याने दार लावून घेतलं. मोबाइलला वेळ नेटवर्कवरून मिळते, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. या प्रमाणपत्रांची मुदत कमी कमी होत चालली आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस झाली, आणि २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे.

तेव्हा ही पाटी दिसली की आधी तारीख, वेळ आणि साल पाहायचं. साल बहुतेक जण पाहतच नाहीत. तारीख चुकलेली असेल तर दोष आपल्या घरातला. ती बरोबर असूनही पाटी येत असेल, तर 'तरीही पुढे जा' दाबून पासवर्ड घालण्याचा आगाऊपणा करू नये. तिथे खरोखर काहीतरी काळंबेरं असू शकतं.

इंदिरानगरच्या मावशीचं दुखणं नेमकं उलट. मामांचा कॉम्प्युटर विसरत होता, हिचा लॅपटॉप काही विसरायलाच तयार नव्हता. ती घरी शिकवण्या घेते. प्रश्नपत्रिका छापायला टाकली की प्रिंटर ढिम्म. "रोज रात्री बंद करते, सकाळी चालू करते, अजून काय करू?" तिचा प्रश्न रास्त होता. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' दिसतो. तिथे एकेचाळीस दिवस! मावशीचा विश्वास बसेना.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. 'शट डाउन' केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आपली त्या क्षणाची अवस्था डिस्कवर उतरवून ठेवतो आणि सकाळी तीच परत उचलतो. त्यामुळे चालू होणं लवकर होतं, पण प्रिंटरच्या ड्रायव्हरमधला (म्हणजे विंडोजला प्रिंटरशी बोलायला लावणाऱ्या प्रोग्रॅममधला) कालचा गुंताही जसाच्या तसा परत येतो. बोर्ड बंद केला तरी उपयोग नाही, कारण डिस्कवर लिहिलेलं वीज गेल्यावर पुसलं जात नाही. 'रीस्टार्ट' मात्र गाभ्यासकट सगळं नव्याने मांडतं. बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करावं, म्हणजे पाटी खरी कोरी होते. मावशीने रीस्टार्ट केलं आणि अडकलेल्या सातही प्रश्नपत्रिका एकापाठोपाठ बाहेर पडल्या. 'बंद करून चालू कर' हा आपल्याकडचा घरगुती सल्ला त्यामुळे अर्धाच खरा राहिला आहे.

पावसाळ्यात येणारी आणखी एक तक्रार म्हणजे डेस्कटॉप बीप-बीप करतो आणि पडदा काळाच. रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी खाचेतून काढायची, सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसायचे, परत बसवायची. सोनं गंजत नाही, पण त्यावर दमट धुळीचा थर बसतो. मला विचाराल तर निम्मं काम पट्टी काढून परत बसवण्यानेच होतं, कारण तेवढ्या घासण्याने खाचेतले संपर्क साफ होतात. मुलामा फार पातळ असतो, तेव्हा पॉलिश पेपर लावायचा नाही. आधी वायर काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. नाशिकच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना जी चुरचुर होते, तीच स्थिर वीज चिपचा जीव घेऊ शकते.

मामांचा नवा सेल मेन रोडवरच्या घड्याळाच्या दुकानात मिळाला, पन्नास रुपयांच्या आत. जुना त्यांनी "राहू दे, कुठेतरी उपयोगी पडेल" म्हणत टीव्हीशेजारच्या वाटीत टाकला. त्यांची नात नुकती रांगायला लागली आहे. असा सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजू शकतं, हे सांगितल्यावर मामा उठले, सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. पुढच्या वेळी येशील तेव्हा ई-कचऱ्यात टाकायला घेऊन जा, म्हणाले. वाटीतले रिमोटचे सेलही त्यांनी मोजून घेतले.