चक जेवढा आवळाल तेवढा जॉब गोल? उलटंय

चक म्हंजे मशिनवर जॉब (कापायचा तुकडा) धरणारी पकड, आन बोअर म्हंजे जॉबच्या आतलं भोक. आमच्या कुपवाड एमआयडीसीत नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्याच दिवशी ऐकतं, "चकच्या चावीला पाइप घाल आन आवळ, जॉब हलला नाही की बोअर गोलच." जाड जॉबला ठीकाय ओ, पण व्हीएमसीच्या (उभ्या कॉम्प्युटर मिलिंग मशिनच्या) टेबलावर ३ जॉचा (जबड्यांचा) चक बसवून पातळ रिंग धरली की ती ३ जागी आत दबते, बोअर मारताना गोलच येतो पण चक सैल केला की रिंग परत उसळते आन बोअर तिकोनी होतो. आता गंमत बघा, २ टोकांच्या बोअर गेजनं कुठनंबी मापा, रीडिंग जवळपास सेमच, कारण एका बाजूला फुगवटा असला की बरोबर समोर खळगा असतो, म्हणून तर हा गैरसमज अजून टिकलाय. चक सैल करून स्पिंडलला (टूल फिरवणाऱ्या दांड्याला) डायल (काट्याचं मापयंत्र) लावा आन बोअरभर फिरवा, काटा एका फेरीत ३ वेळा वर-खाली नाचतो. सॉफ्ट जॉ (कापून आकार देता येणारे मऊ जबडे) रिंगच्या बाहेरच्या मापाला मारून घ्या, पकड पसरते, रफ (पहिला जाड कट) झाल्यावर जरा ढिलं करून हलक्या कटनं फिनिश मारा. आन उभ्या मशिनवर जॉब खालीच बसलेला असतो, तर जमत असेल तिथं वरनं क्लॅम्प मारा की, बाजूनं दाबताय कशाला!